आमच्या गीतांच्या पुस्तकातले टिळक

पुण्यात ‘टिळक’ म्हटले की ऐकणाऱ्याचे मन आधी केसरीवाड्याकडे जाते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आमच्या घरात मात्र या नावाबरोबर एक पोटप्रश्न विचारावा लागे : लोकमान्य की रेव्हरंड? माझी आजी मूळची नगर जिल्ह्यातली. लग्न होऊन ती नाना पेठेत आली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. तिच्या तोंडी नुसते ‘टिळक’ आले, तर ते ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकच असत. त्यांना तिने पाहिलेले असणे शक्यच नव्हते, तरी ती त्यांच्याविषयी गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावे तशी बोले : कौतुकाने, आणि मध्येच थोड्या रागाने. त्या रागाचे कारण पुढे येईल.

तिचे ‘उपासना संगीत’, म्हणजे चर्चमधल्या गीतांचे पुस्तक, आता माझ्याकडे आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानाचे कव्हर घातलेल्या या पुस्तकाची एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. भाषांतरित गीतांची पाने अजून बऱ्यापैकी करकरीत आहेत, आणि जिथे गीताखाली टिळकांचे नाव आहे ती पाने शिलाईतून सुटली आहेत, कडांना काळवंडली आहेत. कोणती गीते चर्चच्या मंडळीच्या जिभेवर बसली आणि कोणती नुसती छापली गेली, याचा याहून प्रामाणिक हिशेब मला कुठल्याही लेखात सापडलेला नाही.

शाळेत आम्हाला टिळक भेटले ते वेगळ्याच रूपात. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण पडत-उठत आपल्या पिलांपर्यंत पोहोचते, ती कविता आम्हाला पाठ करायला होती. पृथ्वी वृत्ताच्या चालीवर सगळा वर्ग ती एका सुरात म्हणे आणि शेवटच्या ओळींना मागच्या बाकावरचे दांडगेश्वरही गप्प होत. कवीची ओळख ‘फुलामुलांचे कवी’ एवढीच सांगितली गेली. ज्याचे गीत मी रविवारी उपासनेत म्हणतो तोच हा माणूस, हे मी घरी येऊन आजीला विचारले तेव्हा मला कळले, आणि अभ्यासक्रमाने निम्मा टिळक आपल्याकडे ठेवून निम्मा चर्चच्या आवारात सोडून दिला, ही माझी तक्रार तेव्हापासूनची आहे. या दोन निम्म्यांमध्ये खरे तर भिंत नव्हती. दया हा विषय त्यांनी पक्षिणीसाठी वेगळा आणि ख्रिस्तासाठी वेगळा असा कधी ठेवला नाही.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली, नाशिकला संस्कृतचे अध्ययन झाले, १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले आणि त्या लक्ष्मीबाई झाल्या. पुढची दहा-बारा वर्षे हा माणूस एका गावी, एका कामावर, एका मतावर टिकला नाही. कीर्तन-प्रवचन करावे, वक्तृत्व गाजवावे, शिकवावे, मासिक चालवावे आणि मध्येच सर्व सोडून चालू लागावे, असा तो क्रम होता. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते काही काळ स्थिरावले आणि धर्मविषयक मासिकाचे संपादनही त्यांनी केले, पण मनातली शोधाशोध थांबली नव्हती. माणसामाणसांत भेद न करणारा, आणि त्याच वेळी या देशाला उभे करणारा धर्म कोणता, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांचे कवितेवरून बोलणे निघाले, धर्मावर आले, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार देऊन तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते पटले नाही, पण पुस्तक वाचतो असे त्यांनी कबूल केले होते आणि शब्द पाळायचा म्हणून ते वाचू लागले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो देशी पाळकाच्या हातून व्हावा हा त्यांचा आग्रह होता. त्या प्रवाशाचे नाव त्यांना कधीच कळले नाही. मला या सगळ्या प्रसंगात सर्वांत आवडते ती ही गोष्ट की श्रेय घ्यायला तो माणूस परत आला नाही.

आता आजीच्या रागाचे कारण. या निर्णयाची झळ लागली ती लक्ष्मीबाईंना. ज्या घरात मीठसुद्धा धुऊन घेण्याइतके सोवळे वडिलांनी माजवले होते त्या घरात त्या वाढल्या होत्या, आणि नवरा ‘बाटला’ ही बातमी त्यांच्यावर अक्षरशः कोसळली. लहान मुलाला घेऊन त्या पंढरपुरात बहिणीच्या आधाराने राहिल्या. ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षे चालली. आजी म्हणे, “टिळकांना देव सापडला, आणि बाईला काय सापडलं? पाच वर्षं पंढरपूरची वाट.” पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, आधी वेगळी चूल मांडून राहिल्या, मग जातीपातीचा एकेक धागा त्यांच्या स्वतःच्या बुद्धीने सुटत गेला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढले म्हणून त्या आल्या असे समजणाऱ्याने त्यांचे आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’, वाचलेलेच नाही. त्या पुस्तकात टिळक जसे दिसतात, म्हणजे भोळे, तापट, हातचे सर्व देऊन टाकणारे आणि संसाराच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी, तसे ते कुठल्याही भक्ताच्या लेखणीतून उतरले नसते.

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी शिकवले, उपदेश केला, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना घरात घेतले. १९१२ पासून अखेरपर्यंत ते मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ म्हणून गौरवले गेले, त्याच्यावर टिळक पतिपत्नींनी पोटच्या मुलासारखी माया केली. हे सर्व सेवाकार्यच आहे, तरी त्यांची खरी सेवा मला गीतांत दिसते, आणि ती कशी हे जरा तपशिलाने सांगितले पाहिजे.

त्यांच्या आधी मराठी मंडळ्यांत गायली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी चालींवर बसवलेली असत. इंग्रजी चालीचा एक ठरलेला प्रकार आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा असतो, पण त्याचा डोलारा उभा असतो तो आघातावर. मराठीत शब्दावर तसा ठोक आघात नाही, त्यामुळे चालीचा ठोका पडतो तिथे मराठीतला ऱ्हस्व ‘नि’ किंवा एखादा प्रत्यय येऊन बसतो आणि त्याला दोन मात्रा लांबवावे लागते. मोठी माणसे ते निमूटपणे लांबवत, आणि आम्ही मुले हसत असू. मोठ्या अभंगाची घडण याहून निराळी आहे : सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे. ती चार अक्षरे आली की श्वास आपोआप खाली बसतो. टिळकांनी हा साचा घेतला, ओवी घेतली, पदांच्या चाली घेतल्या, आणि ख्रिस्ताला ‘गुरू’ आणि ‘माउली’ म्हणून हाक मारली. ही हाक त्यांना शोधावी लागली नाही, ती त्यांच्या कानांत आधीपासून होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि पूल ओलांडून आल्यावर तो त्यांनी पाडला नाही.

हे करणारे ते पहिलेच नव्हते. फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले होते, आणि कृष्णराव सांगळ्यांची ख्रिस्ती कीर्तने टिळकांच्या काळातच रंगत होती. तरी साधे मराठी ख्रिस्ती कुटुंब संध्याकाळच्या प्रार्थनेला बसल्यावर जे म्हणते ते टिळकांचे, आणि तेही पुस्तक न उघडता.

याचा अर्थ मला कळला तो नाना पेठेतच. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला येते, आणि त्या दोन दिवसांत पेठेत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. आजी दारात पिंप आणि पेले मांडून बसे. एका वर्षी एक वारकरी बाई पाणी पिऊन ओट्यावर टेकल्या होत्या आणि आजी आत काम करता करता सवयीने गुणगुणत होती. बाईंनी थोडे ऐकले आणि सहज विचारले, “कुणाचा अभंग हो, आजी?” आजीने बाहेर येऊन “टिळकांचा” म्हणून सांगितले. बाईंनी मान हलवली, पेला विसळून उपडा ठेवला आणि त्या दिंडीत जाऊन मिसळल्या. कोणते टिळक, हे त्यांनी विचारले नाही आणि आजीनेही सांगितले नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व या दरबारात बरोबरीने बसावेत, अशी ती कल्पना होती. चर्चमधल्या पुष्कळांना ती रुचली नाही. माझ्या मते त्यांची अडचण समजण्यासारखी होती, कारण दार इतके उघडे ठेवले तर मंडळी म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच, आणि टिळकांपाशी त्याचे व्यवस्थित उत्तर नव्हते. व्यवस्था हा त्यांचा प्रांतच नव्हता. ते सोडवायला वेळही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. पण त्यांना जवळून ओळखणाऱ्या जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले, आणि त्याच विन्स्लोंनी नगर भागात १९२२ मध्ये सुरू केलेला ख्रिस्त सेवा संघ काही वर्षांनी पुण्यात आला. शिवाजीनगरचा आश्रम त्यातूनच उभा राहिला. तिथे जमिनीवर बसून उपासना होते. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा गर्द झाडीतून वाहनांचा आवाज अंधुक येत होता आणि माझ्या डोक्यात साताऱ्याचा विचार होता.

टिळकांचे सर्वांत मोठे काम मात्र अपुरे राहिले. ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र, ‘ख्रिस्तायन’, त्यांनी हाती घेतले आणि पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने हे लिहिले, आणि १९३६ मध्ये त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी ते छापून आले. दोघांच्या ओव्या ओळखू येतात असे मला वाटते. टिळकांच्या ओवीला संस्कृताचा भार आहे आणि ती मान वर करून चालते. बाईंची ओवी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्यासारखी येते, आणि मला ती जास्त आवडते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे रात्री जेवणानंतर ‘ख्रिस्तायन’ वाचायची पद्धत आजीने पाडली होती, ती आई आता चालवते. आरंभाचे अध्याय माझ्याकडे असतात, कारण तिच्या मते जोडाक्षरे तरुण डोळ्यांनी वाचावीत. पुस्तकात एका जागी आजीने पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली आहे आणि शेजारी तिच्या मोडक्या अक्षरात दोनच शब्द आहेत : “इथून बाई”. तिथे आलो की मी पुस्तक आईकडे देतो, ती चष्मा पुसते आणि पुढे वाचू लागते.