तुम्ही विचारलंत म्हणून: आबांना अकरा वेळा का निवडून दिलं

गाव कुठलं विचारलं की हल्ली मी नुसतं "सोलापूर जिल्हा" म्हणते आणि थांबते. सांगोला म्हटलं की संपलं. २०२२ पासून तर समोरचा आधी आमच्या तेव्हाच्या आमदारांचं "काय झाडी, काय डोंगार" म्हणून घेतो, आपण ते पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून हसायचं, आणि त्याचं हसून झालं की मग तो जरा गंभीर होतो. ते एसटीने फिरणारे आमदार पण तुमच्याकडचेच ना? गणपतराव देशमुख? एकाच माणसाला अकरा वेळा कसं काय हो निवडून दिलंत तुम्ही लोकांनी?

विचारणारे दोन जातीचे असतात. एक गहिवरून विचारणारे, असा आमदार होणे नाही वगैरे. दुसरे जरा तिरके, मग एवढ्या वर्षांत केलं काय त्यांनी, दुष्काळ तर तसाच होता ना. पहिल्यांपुढे मी गप्प बसते, दुसऱ्यांशी भांडते. आणि भांडून घरी आले की रात्री झोप येत नाही, कारण तो तिरका प्रश्न मुळात माझाच आहे, विसाव्या वर्षी मी तोच विचारत हिंडत होते.

तर एकदाचं लिहूनच टाकते. सांगोल्यात मी आयुष्यात एकदाच मत दिलंय, १९९५ ला, आणि ते आबांच्या, म्हणजे गणपतरावांच्या, विरोधात दिलंय. तेव्हा "तुम्ही लोकांनी" मध्ये मला धरू नका. किंवा धरा, मलाच अजून कळलेलं नाही.

आधी तो एसटीतला फोटो बाजूला ठेवू. ३० जुलै २०२१ ला आबा गेले त्या दिवशी तो मला इतक्या ठिकाणांहून आला की शेवटी मी फोन पालथा घातला. बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही साधेपणाला मत देत होतो. अहो, साधेपणाला कोण मत देतं? आमच्या वस्तीवर सगळेच साधे होते, सगळेच एसटीने जायचे, दुसरं होतंच काय. आमदार एसटीत भेटतो याचा फायदा एवढाच की अर्ज तिथल्या तिथे हातात देता यायचा, त्यासाठी वेगळं भाडं घालून तालुक्याला जावं लागत नव्हतं. साधेपणाचं कौतुक ज्यांना अर्ज द्यायचा नसतो त्यांना.

आणि देशातला विक्रम वगैरे पण नका म्हणू. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले. आबा अकरा वेळा आणि दोनदा पडले, १९७२ ला आणि १९९५ ला. ते मूळ सांगोल्याचे पण नव्हेत, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, शेतकऱ्याच्या घरातले, वकिली करायला आमच्याकडे आले. धनगर समाजाची मतं होती म्हणून येत होते असं पुण्यातले शहाणे लोक मला समजावतात. होती की! नाकारतंय कोण. पण आम्ही धनगर नाही आणि माझे वडील, तात्या, १९६२ च्या पहिल्या निवडणुकीपासून आबांचे. लाल बावटा आमच्या माळवदावर इतकी वर्षं होता की त्याचा रंग उडून पार वांगी झाला होता.

शेकाप, आबांचा शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे तुम्हाला आता कुठलातरी जुना पक्ष वाटत असेल. तात्यांना तो नातेवाईक होता. पक्ष काढणारे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हेच पुढे काँग्रेसमध्ये परत गेले, नंतर यशवंतरावांच्या काळात तर रांगच लागली, आबा गेले नाहीत. तात्या हे सांगताना असं सांगायचे जसं काही ते स्वतःच गेले नाहीत. आणि मला लहानपणापासून एकच शंका, गेले नाहीत ते बरोबर, पण त्याचं आम्ही काय खायचं? आमदारकीच्या पन्नासेक वर्षांतली बहुतेक विरोधी बाकावर. मंत्री दोनदाच, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला, आणि २००२ ला पक्षानेच विलासराव देशमुखांच्या सरकारचा पाठिंबा काढल्यावर तेही संपलं.

केलं काय त्याची यादी हवी असेल तर सूतगिरणी आहे, बायकांची वेगळी सूतगिरणी आहे, रोहयोची, म्हणजे रोजगार हमीची, कामं आहेत. डाळिंब आहे, म्हणजे डाळिंब काही आबांनी लावलं नाही, १९९० ला रोहयोतून फळबाग योजना आली ती सगळ्या राज्यालाच आली, पण आमच्याकडे तिचे फॉर्म बांधावर येऊन भरले गेले, कारण तात्यांसारखी बिनपगारी माणसं वस्त्यावस्त्यांवर फिरत होती आणि ती आबांची होती. त्याच माळावरचं डाळिंब भरून २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालला गेली. मग तेल्या आणि मर रोग आले आणि निम्मी झाडं उपटून जाळावी लागली, तो विषय वेगळा.

पण पाणी. मी भांडते ते पाण्यावरूनच.

आमची वस्ती माण नदीपासून लांब आणि कॅनॉलपासून त्याहून लांब. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट सांगोला तालुक्यात येतं, आता शेपटाला पाणी म्हणजे वरच्यांचा ऊस भिजून उरलं तर. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि ते पाणी थेट विहिरीत सोडायचे. घागरी भरून द्यायला वेळ कुणाला. मग ते गाळात मिसळायच्या आत वर ओढायचं, वीस-पंचवीस बायकांचे पोहरे एकदम आत, दोर एकमेकींत गुंतायचे, खाली पोहऱ्यावर पोहरा आदळल्याचा आवाज यायचा आणि वर शिव्या. माझ्या उजव्या करंगळीवर दोर अडकून झालेला वण अजून आहे, ब्युटी पार्लरमधल्या मुलीने विचारलं तर मी दारात सापडली म्हणून सांगते. आई तर एका बाजूने कलूनच चालायला लागली होती.

१९९३ ला आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी, आबा या मंडळींनी पाणी परिषद सुरू केली. तेरा दुष्काळी तालुके, कृष्णेचं पाणी उचलून द्या अशी मागणी. तात्या भाकरी बांधून गेले. आम्ही दोघी विहिरीवर. आई कठड्याला टेकून मला म्हणाली, "बाप गेलाय पाणी परिषदेला, अन् आपण पाण्याला." एवढंच म्हणाली आणि हसली. मला नाही हसू आलं.

दोन वर्षांनी माझं पहिलं मत. कॉलेजच्या एसटीत आम्ही पोरी बोलायचो की विरोधातला आमदार काय कामाचा, सरकारचा पाहिजे, सत्तेतला असेल तर फाईल हलते. हे वाक्य मी कुठून उचललं होतं आठवत नाही पण फार तोऱ्यात म्हणायचे. नऊ जणींना पटवलं होतं मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत बूथ. बाहेर तात्या चिठ्ठ्या वाटत बसलेले, माझी चिठ्ठी त्यांनीच काढून दिली, अनुक्रमांकाखाली पेनने रेघ मारून. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला मी पंजावर फुलीचा शिक्का मारला आणि मग घाबरून कागदावर फुंकर घालत उभी राहिले, घडी घातली आणि शाई पलीकडच्या चिन्हावर उमटली तर? बाहेरून मास्तर म्हणाले, "झालं का गं?" घडी उभी घालायची का आडवी हेच सुचेना.

मतमोजणी मार्चात. तात्या आदल्या दिवशी गेले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आले. चपला दारात नीट काढल्या. एरवी भिरकावायचे. आबा पडले होते, १९२ मतांनी. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील आले होते, हो तेच, झाडीवाले.

तात्या उंबऱ्यावर बसले आणि खिशातून डेअरीचं दुधाचं कार्ड काढून मागच्या बाजूला गणित मांडायला लागले. मला म्हणाले, बघ, १९२ नव्हं हे, निम्मं धर. शहाण्णव माणसं फिरली असती तर बरोबरी. सत्त्याण्णव. सगळ्या तालुक्यात सत्त्याण्णव माणसं. मग त्यांनी वस्त्यांची नावं लिहायला घेतली. इथं दोन, तिथं चार, ह्या भावकीत भांडण झालेलं ते तीन. त्यांचा हात चांगला होता, सातवी शिकलेले पण अक्षर मोत्यासारखं. कोण असतील गं, असं म्हणत होते, रागाने नाही, हरवलेली शेळी शोधावी तसं.

मी पीठ मळत होते. गप्प बसायला पाहिजे होतं. मी आजवर लोकांना सांगताना म्हणत आले की मला खोटं बोलवेना, पण ते खरं नाही, मला मिरवायचं होतं. मी म्हणाले, "एक घरातच हाय."

त्यांनी मान वर केली. पेन तसंच कार्डावर टेकलेलं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेलेला मला दिसत होता. आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली आई, जिने आजन्म घरात राजकारणावर शब्द काढला नव्हता, फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "दोन लिवा."

तात्यांनी लिहिलं नाही. कार्ड घडी करून खिशात घातलं, उठले, बैलं उन्हातून सावलीला बांधली, त्यांना वैरण टाकली, मग काही कारण नसताना तिथल्या तिथे परत सोडून परत बांधली. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. ओरडले नाहीत, मारणं तर लांबच, पण पुढे किती महिने माझ्याशी बोलताना "तू" न म्हणता बोलायचे, म्हणजे "च्या पाहिजे का", "कालेज हाय का आज", असं, कर्त्याशिवाय. आईला काय म्हणाले मला माहीत नाही. ओढ्यापलीकडच्या बोअरची मागणी करणारा अर्ज मात्र त्यांनी त्याच आठवड्यात लिहिला, इतकी वर्षं राहून गेलेला. त्या नऊ पोरींचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आता गंमत बघा. सत्तेतला आमदार पाहिजे म्हणून मी पंजाला मत दिलं आणि मुंबईत सरकार आलं शिवसेना-भाजप युतीचं. म्हणजे आमचा नवा आमदार पण विरोधातच! हे मला दोन दिवसांनी कळलं, तोवर घरात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तरी विसाव्या वर्षीची मी अजून ऐकत नाही. ती म्हणते, १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ निघालं, कृष्णेचं पाणी उचलून आणायची टेंभूची योजना पुढे सरकली, आबा विधानसभेत नव्हते नेमक्या त्याच पाच वर्षांत पाणी हललं की नाही? मी तिला म्हणते, बाई, ते कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं पाणी २००० च्या आत अडवायचं होतं म्हणून सगळी धावपळ, आणि आटपाडीची परिषद कुणी भरवली होती, तात्या भाकरी बांधून कुठे गेले होते? ती म्हणते, मग हेच आधी तीस वर्षं का नाही झालं? मी म्हणते, माण, जत तालुक्यांत काँग्रेसचे आमदार किती वर्षं होते, तिथे तरी कुठे पाट वाहत होते. ती म्हणते, सत्तेतल्या मोहिते-पाटलांच्या अकलूजला बघ. इथे मी अडकते. अकलूजला कॅनॉल इंग्रजांच्या काळापासून आहे असं मी म्हणते, ते खरं आहे, पण नुसत्या कॅनॉलने अकलूज झालं नाही हे तिला पण माहीत आहे आणि मला पण.

१९९९ ला आबा परत आले. तोवर माझं लग्न होऊन पुण्यात, नाव तिकडच्या यादीतून कमी झालेलं. २००४, २००९, २०१४, दर वेळी तात्या निकाल फोन करून सांगायचे, आकड्यासकट, आणि मी दर वेळी "बरं झालं" म्हणायचे. खरंच वाटायचं. पण मी तिथे असते तर मत दिलं असतं का, याचं उत्तर मी तात्यांनाच काय, स्वतःला पण देत नाही. आई तर सरळ सांगायची की ती नंतर कायम आबांनाच देत आली, "एकदा दावलं, बास." तिला जमलं. तिच्याकडे दुसरं मत होतं.

तर अकरा वेळा का दिलं. तात्यांना विचारलं तर म्हणतील, मग कुणाला द्यायचं होतं? हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, मला पण आवडत नाही.

२०१९ ला आबा उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे होते, समोर परत शहाजीबापू, आता सेनेतून. ७६८ मतांनी नातू पडले. (२०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब आले, विधानसभेत शेकापचे ते एकटेच.) २०१९ च्या त्या ऑक्टोबरात रात्री तात्यांचा फोन, वय ऐंशीला टेकलेलं, आवाज बसलेला. आकडा सांगितला, मग निम्मा करून सांगितला, तीनशे चौऱ्याऐंशी. मी काय बोलणार. जरा वेळाने म्हणाले, "ह्या खेपंला तू न्हाईस त्यात."

मी विचारलं, टेंभूचं पाणी सोडलंय का माण नदीत. म्हणाले, आलं होतं की मागं, आठ दिवस होतं, तुझी आई बघायला गेली होती रिक्षा करून.