आजी, जरा खिडकीकडे तोंड कर

घरगुती चित्रीकरणात सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो ट्यूबलाइटखाली बसवलेल्या आजीवर. उजेड डोक्यावरून येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली ओठांवर, आणि चकाकतं ते फक्त कपाळ. त्यात पाठीमागे उघडी खिडकी असली की संपलंच. हँडीकॅम ऑटोवर असतो, तो खिडकीचा उजेड सांभाळत बसतो आणि आजी काळीठिक्कर. मग कुणीतरी म्हणतंच, कॅमेराच भिकार आहे.

कॅमेऱ्याचं एवढंच, की त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखाहून लहान. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत तो चाचपडत असतो. उजेड कमी पडला की गेन वाढवतो, म्हणजे आलेला सिग्नल फुगवतो. ६ डेसिबल वाढवला की सिग्नल दुप्पट, आणि त्याच्यासोबत खरखरही दुप्पट. मागच्या भिंतीवर वळवळणाऱ्या मुंग्या त्याच.

दुपारी चारला उन्हं कलली की खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर सरकवावी. कॅमेरा खिडकीच्या अंगाला ठेवावा आणि आजीचं तोंड दोहोंच्या मधोमध. ऊन थेट आत येत असेल तर खिडकीला जुनं पांढरं धोतर बांधावं. दुसऱ्या गालावर अंधार राहतोच. त्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकावी, चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर, पण चौकटीबाहेर. पूर्वी या कामाला मखरातला उरलेला थर्माकोल असायचा. २०१८च्या बंदीनंतर मखरंच बदलली, पण चादरीचं काही अडत नाही. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीजवळ मात्र कुणाला बसवू नये. गाल हिरवा येतो आणि घरचे तब्येतीची चौकशी करतात.

जुन्या नाशकात, भद्रकाली-सराफ बाजाराच्या बाजूला, ही सोय आयती होती. वाड्याच्या चौकात आकाशाचा उजेड उतरतो. माणूस ओसरीच्या कडेपासून हातभर आत बसवला की वरचा उजेड छपराने अडतो आणि समोरचा तेवढा पसरट, मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. त्याहून चांगला दिवा विकत मिळत नाही. आता वाड्यांच्या जागी पार्किंगवाल्या इमारती उठल्यात आणि बाल्कनीला काळी सरकती काच. असो.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांचा पहिला चित्रपट १९१३ साली लोकांनी पाहिला, तेव्हाच्या फिल्मला तर तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू काळं उमटायचं. आपल्याला निदान कुंकू तांबडं दिसतंय. तक्रार ती किती करायची!

रंगांवरून आठवलं, हळद. वधू पिवळी, नऊवारी पिवळी, झेंडू पिवळा. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला, वाटतं, उजेडातच काही खोट आहे. तो पिवळं मारायला जातो आणि सगळं वऱ्हाड निळसर, आजारी. उपाय साधा आहे. हळद लागायच्या आधी वधूच्या जागी कोरा पांढरा कागद धरायचा, चौकट त्याने भरायची, व्हाइट बॅलन्सचं बटण दाबून चिन्ह लुकलुकायचं थांबेपर्यंत धरून ठेवायचं. जागा बदलली की पुन्हा. आणि पिवळा बल्ब व पांढरी ट्यूब एकत्र लावायची नाही. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा: बल्ब २७०० केल्व्हिनचा, ट्यूब ६५०० ची. एक गाल नारिंगी, दुसरा निळा. काय हवं ते एकच ठेवा.

मे महिन्यात लॉन्सवरचं लग्न असेल तर दुपारी बाराला उघड्यावर काही घेऊच नये. नाशिक २० अंश उत्तरेवर, त्यामुळे २० मेच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो. म्हणजे पुन्हा तीच ट्यूबलाइट, फक्त फार मोठी. मांडवाच्या कडेला, सावलीत पण आकाश समोर दिसेल असं उभं करावं. मांडवाचं कापड गुलाबी असेल तर चेहरेही गुलाबी येणार, तेवढं धरून चालायचं.

हॅलोजनबद्दल न बोललेलं बरं, तरी बोलतो. ज्यांची लग्नं व्हीएचएसवर आहेत त्यांना तो भपका आठवत असेल: दिवा धरणारा पोरगा, मिचमिचे डोळे, घास तोंडापाशी थबकलेला. ५०० वॉटचा हॅलोजन थेट तोंडावर मारणं हा पाहुण्यांचा अपमान आहे. तोच पांढऱ्या छताकडे वळवा. उजेड कमी होतो, पण पसरतो, आणि येवल्याच्या पैठणीचा पदरही पांढराफटक पडत नाही. थेट दिव्यात जरीची नक्षी चित्रातून उडूनच जाते. पडद्यापासून दिवा चांगला मीटरभर लांब ठेवा. हजार वॉटचे दोन दिवे एका साध्या ६ अँपिअरच्या एक्स्टेंशनवर लावू नका. ते जवळजवळ ९ अँपिअर ओढतात, आणि मंगलाष्टकांच्या ऐन मध्यात अंधार होतो.

मामाने अमेरिकेहून आणलेला हँडीकॅम असेल तर जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली चित्र धपधपतं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, आणि तो कॅमेरा ६०च्या हिशेबाने चालतो. शटर, म्हणजे एकेका चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, १/१०० सेकंदावर ठेवलं की थांबतं.

राहता राहिला रामकुंड, संध्याकाळची आरती. तिथे खिडकी नाही, चादर नाही, आणि दिवा लावायला गेलं तर लोक बघतात. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते कॅमेऱ्याने आपणच ठरवणं, बंद करून आरतीच्या ज्योतीऐवजी चेहऱ्यांवर बेतावं. ज्योत पांढरी फुटेल, पाण्यावर मुंग्या येतील. येऊ देत.