गॉड ब्लेस यू ला मी लाल पेनाने चूक दिली, त्याची गोष्ट

घरी नववी-दहावीच्या पोरांची इंग्लिशची ट्यूशन घेते मी, आणि माझा सगळ्यात लाडका नियम म्हणजे ही-शी-इट आलं की क्रियापदाला एस. त्यात कुणाला सोडत नाही. तर एका मुलीने आजीला लिहायच्या पत्राच्या शेवटी गॉड ब्लेस यू लिहिलं आणि मी तपासायच्या भरात ब्लेसला लाल पेनाने ईएस जोडून अर्धा मार्क कापला. गॉड ब्लेसेस यू! हसू नका, रात्री अकराला वह्यांचा गठ्ठा घेऊन बसून बघा एकदा.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मॅडम मग आमच्या शाळेत रोज प्रार्थनेत दाय किंगडम कम म्हणतात, कम्स नाही म्हणत, ते पण चूक का? मी म्हटलं अगं प्रार्थना जुनी आहे, तेव्हा चालायचं. सरळ टोलवलं.

पण डोक्यातून जाईना. आधी वाटलं ही देवाला केलेली ऑर्डर असेल, सिट डाऊन सारखी. मग लाँग लिव्ह द किंगचं काय? 2022 च्या सप्टेंबरमध्ये राणी एलिझाबेथ गेल्यावर चार्ल्ससाठी हेच कानावर पडत होतं, तिथे कोण कुणाला ऑर्डर देतंय? मग वाटलं पुढचा मे गिळलाय, मे गॉड ब्लेस यू. हे बऱ्यापैकी बसतं, पोरांना समजावताना मी अजून हेच सांगते, पण ग्रामरचं जाडं पुस्तक काढून बसले तर निघालं उलटंच, बिनमेचं रूपच जुनं. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लिशमध्ये इच्छा सांगायला क्रियापदाला वेगळे प्रत्यय लागायचे, ते झिजत गेले आणि आता खूण काय उरली तर एस नसणं. बी मध्ये ती पटकन दिसते, पीस बी विथ यू, इज नाही. यालाच सबजंक्टिव्ह म्हणतात. आपण रोज म्हणतो ते गुडबाय पण मुळात गॉड बी विथ यी (यी म्हणजे जुनं यू), बोलून बोलून आखडलेलं. (इफ आय वेअर यू हे त्याच घरातलं, पण ते प्रकरण वेगळं.)

आणि खरं सांगू, हे मला आधीच येत होतं. देव तुझं भलं करतो आणि देव तुझं भलं करो, फरक फक्त त चा. तिकडे एस गळतो, इकडे त. आई पाडव्याला ओवाळताना इडा पिडा टळो बळीचं राज्य येवो म्हणते, आता दाय किंगडम कम, म्हणजे तुझं राज्य येवो, याहून वेगळं काय आहे? हेवन फॉरबिड म्हणजे देव न करो. संपला विषय.

एक मात्र आहे, आपला ओ कशालाही लागतो, पाऊस पडो, बस येवो, बॉसला ताप येवो. इंग्लिशमध्ये ठरलेल्या साच्यांतच चालतं, नुसतं द बस कम म्हटलं तर कुणी समजणार नाही, तिथे मे लावायलाच लागतो. हे मी सगळ्या बॅचला सांगितलं, तिचा अर्धा मार्क परत दिला, सॉरी पण म्हटलं.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा पुन्हा फिरायला लागल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, लाँग लिव्ह द इन्व्हर्टर! मी आधी एस ऐकू येतोय का तेच बघितलं.