एकशे दोन टक्के

"लॅबवाले, पास का?" साइट इंजिनियर साहेब जीपमधून न उतरता एवढंच विचारतात. त्या सकाळी मी 102 टक्के म्हणालो. साहेबांनी काचेतूनच अंगठा दाखवला आणि गेले.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका रस्त्याचं सबग्रेडचं, म्हणजे रस्त्याखालच्या दाबलेल्या थराचं काम, मुरुमाचा दुसरा लेयर. दबाई पुरेशी झाली का, हे घनतेवरून ठरतं. वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता, हे शाळेतल्या पोरालाही येतं. वस्तुमानाला काटा आहे, पण दबाई केलेल्या मुरुमात खणलेल्या वेड्यावाकड्या खड्ड्याचं आकारमान कसं मोजणार? त्यासाठी वाळू. 1 मिलिमीटरच्या चाळणीतून खाली गेलेली आणि 600 मायक्रॉनवर अडकलेली, धुऊन वाळवलेली, जिची घनता आपण आधीच काढून ठेवलीय. ती सिलिंडरमधून खड्ड्यात सोडायची. जेवढी मावली तिला तिच्या घनतेनं भागलं की खड्ड्याचं आकारमान मिळतं.

खड्डा खणणं हे खरं कसब. छिन्नी हलकी मारायची, कडा ढासळू द्यायची नाही, चिमूटभर मातीसुद्धा ब्रशनं गोळा करून ट्रेमध्ये घ्यायची. जवळ रोलर चालू असेल तर आधी तो बंद करायला लावायचा, कारण हादऱ्यानं वाळू दाटून बसते, जास्त मावते आणि चांगला लेयर नापास होतो. ऑपरेटर कुरकुरतात. डिझेल त्यांच्या घरचं नसतं, तरी.

त्या दिवशीच्या खड्ड्यातून निघाला 10,410 ग्रॅम मुरूम. सिलिंडरखालच्या कोनात राहते ती वजा करून वाळू गेली 6,549 ग्रॅम. वाळूची घनता 1.44, म्हणजे खड्डा 4,548 घनसेंटिमीटर. मुरुमाची घनता 2.29, ओलावा 9 टक्के, कोरडी घनता 2.10. लॅबमधल्या प्रॉक्टर चाचणीत याच मुरुमाची कमाल कोरडी घनता 2.05. झाले 102, आणि लागतात 97.

नापास झालं की सगळे वाळूवर, काट्यावर, लॅबवाल्यावर खापर फोडतात. 102 आलं की वाळूकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

साहेब गेल्यावर सामान आवरताना सिलिंडर उचलला, तर कोनातला ढीग नेहमीसारखा घसरला नाही. ताठ उभा राहिला. हात घातला तर कण बोटांना चिकटले. पोतं कंटेनरच्या दारात होतं आणि रात्री मृगाचा सडा आत आला होता. सर्द वाळू फुगून सैल बसते, कमी मावते, खड्डा कागदावर लहान होतो आणि घनता वाढते.

त्याच सर्द वाळूचं कॅलिब्रेशन घेतलं, म्हणजे तिची घनता नव्यानं काढली. 1.35 आलं. आता खड्डा 4,851 घनसेंटिमीटर, कोरडी घनता 1.97. म्हणजे 96 टक्के. वाळू शेगडीवर कढईत परतली, गार केली, शेजारी नवा खड्डा घेतला. 96.3. साहेबांना फोन केला. "तुमची वाळू ओली, त्याला मी काय करू?" म्हणाले, पण रोलरचे आणखी चार पास मारले. संध्याकाळी 98 झालं.

एवढ्यावर संपलं असतं तर लिहिलं नसतं. दोन दिवसांपूर्वी पहिला लेयर याच पोत्यातल्या वाळूनं तपासला होता. रजिस्टरमध्ये 100.8, खाली माझी सही. त्याच्या आदल्या रात्रीही भुरभूर होती. वाळू तितकीच सर्द असेल तर तो लेयर 94.5 चा, आणि कोरडी असेल तर खरंच 100.8 चा. त्या दिवशी ढीग घसरला होता का, काही केल्या आठवत नाही.

कन्सल्टंटच्या माणसाला सांगितलं. चांगला माणूस, पण फाईल बंद झाली की त्याच्या लेखी जमीनही बंद होते. "त्यावर लेयर पडलाय, आता कशाला उकरायचं?"

रविवारी साइट बंद असताना एकटाच गेलो. कडेला वरचा लेयर थोडा आत संपतो, तिथे खालच्यात खड्डा घेतला. वाळू घरून वाळवून नेली होती. 97.4.

पण कडेला रोलर कमी फिरतो की तिथेच जास्त वेळ वळतो, हे मी ऑपरेटरला अजून विचारलेलं नाही. खड्डा बुजवून धुम्मसानं ठोकला. रजिस्टरमध्ये त्या रविवारची नोंद नाही.