मलावीत फील्डवर्क करायचंय? मग पावसाळ्यातच जा

आफ्रिकेतल्या मलावीला कामासाठी चाललोय म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात, मे ते ऑक्टोबरमध्ये जा, हवा मस्त असते, रस्ते कोरडे, डास कमी. फिरायला जाणार असाल तर सल्ला अगदी बरोबर आहे. पण मलेरिया आणि दवाखान्यापर्यंत पोचणं हाच तुमच्या अभ्यासाचा विषय असेल तर कोरड्या दिवसांत जाऊन तुम्हाला अर्धंच चित्र दिसणार. खरी ओढाताण डिसेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे पाऊस पडतो, मलेरिया चढतो, रस्ते बंद होतात आणि नेमका त्याच महिन्यांत घरातला मका संपत आलेला असतो कारण नवं पीक अजून शेतात उभं असतं. मी फेब्रुवारीत गेले होते, दक्षिणेला चिकवावा जिल्ह्यात, त्यामुळे खालचं सगळं तिथलं आणि त्या दिवसांतलं आहे, उत्तरेकडे म्झुझू वगैरे बाजूला गोष्टी वेगळ्या असतील.

आधी प्रवास उरकून टाकते. मुंबईहून इथियोपियातलं अदिस अबाबा आणि तिथून ब्लांटायर, म्हणजे दक्षिण मलावीतलं मोठं शहर, हा सोयीचा मार्ग. यलो फीवरची लस जायच्या निदान दहा दिवस आधी सरकारी केंद्रात घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. मलावी त्या आजाराच्या यादीत नाही म्हणून लोक टाळतात, पण इथियोपिया आहे, आणि पुढचं विमान चुकून अदिसला रात्र काढावी लागली तर परत येताना आपल्याच विमानतळावर कार्ड मागतात, नसेल तर सरळ क्वारंटाइन. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर बघून घ्या. प्लग आपले चालत नाहीत, ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे लागतात. वीज जाते, बऱ्याचदा जाते, पॉवर बँक मोठी घ्या.

ब्लांटायर उंचावर आहे, हवा बऱ्यापैकी थंड. तिथून चिकवावाला जाताना घाट उतरतो आणि खाली शिरे नदीचं खोरं एकदम पसरलेलं दिसतं, उतरता उतरता गाडीत उकडायला लागतं, खाली पोचेपर्यंत घामाने अंग चिकट. जानेवारी २०२२ मध्ये आना वादळाने याच खोऱ्याची वाट लावली, कापिचिराचं वीज केंद्र बंद पडलं आणि अख्ख्या देशाची वीज तुटली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये फ्रेडी आलं. या दोन्हींच्या मधेच कॉलरा, मार्च २०२२ मध्ये माचिंगा जिल्ह्यात सुरू झालेली साथ देशभर पसरली आणि १,७००च्या वर माणसं गेली, मलावीच्या इतिहासातली सगळ्यात जीवघेणी. त्यामुळे इथे कोणालाही रस्ता कधी तुटला, पूल कधी वाहून गेला असं विचारलं की आधी कुठलं वादळ ते विचारतात.

आता मुद्द्याचं. मलावीत सरकारी उपचार फुकट आहेत, कागदावर नाही, खरंच फुकट आहेत. चर्चच्या संस्थांची हॉस्पिटलं आहेत, त्यांचाही वाटा मोठा, तिथे पैसे पडतात, पण बऱ्याच ठिकाणी सरकारशी करार असल्याने बाळंतपण फुकट होतं. मग अडतं कुठे? अडतं ते दवाखान्याच्या दारात पोचायच्या आधी. नकाशावर गाव हेल्थ सेंटरपासून सहा किलोमीटर. फेब्रुवारीत मधला ओढा भरला की तेच अंतर वळसा घालून दुप्पट. एरवी सायकल टॅक्सी मिळते, तिला काबाझा म्हणतात, मागच्या कॅरियरवर गादी बांधलेली असते आणि बाई पोराला पाठीला बांधून बसते. चिखल झाला की काबाझावाला दुप्पट भाडं मागतो किंवा येतच नाही, आणि त्याचीही चूक नाही, सायकल ढकलतच न्यायची असते. घरात मका संपलेला असताना ते भाडं कुठून आणायचं? म्हणून आई एक दिवस वाट बघते, पोराचा ताप उतरतोय का बघू म्हणते. फाल्सिपेरम मलेरियात, म्हणजे मलेरियाच्या सगळ्यात जीवघेण्या प्रकारात, तो एक दिवस फार महाग पडतो.

यावर मलावीने काढलेला तोडगा मला फार आवडला. गावोगावी हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट, म्हणजे आरोग्यसेवक असतात, सगळे त्यांना एचएसए म्हणतात. आपल्या आशाताईंशी तुलना करायचा मोह होतो, पण मोठा फरक हा की एचएसए पगारी सरकारी नोकर आहेत आणि त्यात पुरुष जास्त. हेल्थ सेंटरपासून लांबच्या गावांत २००८ पासून ते पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, न्यूमोनिया आणि जुलाब यांवर गावातच उपचार करतात. मी ज्यांच्यासोबत बसले होते त्यांच्याकडे कुलूप लावलेली लाकडी पेटी होती, त्यात औषधं, टेस्ट किट, ओआरएस, एक घड्याळ (श्वास मोजायला) आणि एक जाडजूड रजिस्टर. बाळाच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर, मग पंधरा-वीस मिनिटं सगळे त्या पट्टीकडे बघत बसतात. दोन रेषा उमटल्या की गोळ्या. पहिली गोळी समोरच पाण्यात विरघळवून पाजायची, ओकलं तर परत. आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली छोटी वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात, जन्मापासूनच्या लसी, वजनं, आजार सगळं त्यात. आपल्याकडे पेशंट जुने कागद शोधत बसतो, इथे घर वाहून गेलं तरी बाई ती वही घेऊन निघालेली असते.

आणि त्या गोळ्यांचं खोकं मी उगाच उलटून बघितलं तर मागे पत्ता एमआयडीसी पैठणचा! इतकं हसू आलं. एचएसएना सांगितलं हे माझ्या राज्यातलं, त्यांना फार काही वाटलं नाही, त्यांचा प्रश्न एवढाच की मग वेळेवर का येत नाही. खोकं संपलं की पेटी असून नसल्यासारखी, चिठ्ठी लिहून द्यायची आणि बाई पुन्हा त्याच चिखलाच्या रस्त्याने हेल्थ सेंटरकडे. त्यामुळे तुमच्या प्रश्नावलीत 'जवळचा दवाखाना किती लांब' एवढंच विचारून थांबू नका. शेवटच्या वेळी पोर आजारी पडलं तेव्हा कुठल्या महिन्यात, कसे गेलात, भाडं किती पडलं, औषध मिळालं का, नाही मिळालं तर पुढे काय केलं, असं एकाच प्रसंगाबद्दल सविस्तर विचारा. सरासरी विचारली की लोक कोरड्या दिवसांतलं उत्तर देतात.

मलेरियाच्या बाबतीत हा देश वाटतो तितका मागे नाही हेही डोक्यात ठेवून जा. क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध काम करेनासं झाल्यावर ते सोडणारा आफ्रिकेतला पहिला देश मलावी, १९९३ मध्ये. मलेरियाच्या पहिल्या लसीचा नेहमीच्या लसीकरणातला वापरही जगात सगळ्यात आधी इथेच सुरू झाला, एप्रिल २०१९. तेव्हा ठरलेले डोस चार, बाळ पाच, सहा, सात महिन्यांचं झालं की आणि मग बावीस महिन्यांना. त्या चौथ्या डोसला यायचं म्हणजे चालतं-पळतं पोर घेऊन मुद्दाम परत यायचं, गळती तिथे होते. एचआयव्हीचंही तसंच, २०११ मध्ये यांनी ठरवलं की गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की सीडी४ तपासणीची (प्रतिकारशक्ती किती उरली ते बघणारी) वाट न बघता लगेच आणि आयुष्यभर औषधं, कारण ती तपासणीची मशिनंच पुरेशी नव्हती. नंतर डब्ल्यूएचओनेही तेच धरलं. म्हणजे तिथल्या डॉक्टरांना शिकवायच्या आवेशात जाऊ नका, गप्प बसून ऐका. आता २०२५ नंतर अमेरिकेचा पैसा आटल्यावर यातलं किती टिकतं हा तिथल्या प्रत्येक मीटिंगमधला विषय आहे.

परवानग्यांना वेळ ठेवा. संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या दोन समित्या आहेत, ब्लांटायरची कॉमरेक आणि राजधानी लिलाँग्वेची राष्ट्रीय समिती, दोन्हीपैकी जी लागू असेल तिची मंजुरी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, महिने जातात. स्थानिक संस्थेतला जोडीदार लागतोच. मग जिल्हा आरोग्य कार्यालयाचं पत्र, मग ट्रॅडिशनल अथॉरिटी (गावप्रमुखांच्या वरचा पारंपरिक प्रमुख), मग गावप्रमुख, याच क्रमाने. मधली पायरी गाळली तर कोणी भांडणार नाही, हसून बोलतील, पण मुलाखतीला बायका येणार नाहीत. भत्त्यांचा विषय आधीच मिटवा. मीटिंगला आलेल्यांना जेवणाचा, प्रवासाचा भत्ता द्यायची पद्धत आहे, बाहेरचे लोक त्यावर नाक मुरडतात, मला ते पटत नाही, स्वतः डॉलरमध्ये डीए घ्यायचा आणि यांच्या बसभाड्यावर तत्त्वज्ञान झाडायचं! जोडीदार संस्थेचा दर असतो तोच द्या, जास्त देऊन दुसऱ्यांचं काम अवघड करू नका.

बायकांनी एक चितेंजे बाजारातून घ्याच, मोठं रंगीत कापड, कमरेला गुंडाळलं की गावात नीट वावरता येतं, शिवाय चटई, पावसात डोक्यावर, गाडीत उशी. पाया पडल्यासारखं वाकून नमस्कार करायची गरज नाही, पण 'मुली ब्वांजी', म्हणजे कसे आहात, असं विचारून उत्तराची वाट बघायची, थेट कामाला सुरुवात करणं फार उद्धट दिसतं. मुलाखती चिचेवा या तिथल्या मुख्य भाषेत होतील असं गृहीत धरू नका, खालच्या खोऱ्यात सेना नावाची वेगळी भाषा बोलणारी गावं आहेत, दुभाषा तिथला हवा.

खायचे हाल नाहीत. मक्याच्या पिठाचं न्सिमा रोजचं, सोबत घेवड्यासारखे दाणे किंवा भोपळ्याच्या पानांची भाजी, तिच्यात शेंगदाण्याचं कूट असतं, अगदी आपल्या घरची लागते. डाळ, मसाले, कणीक हवी तर ब्लांटायरशेजारी लिंबेत गुजराती दुकानं आहेत, खाली उतरायच्या आधी घ्या. डिझेलचंही तसंच, पंपावर रांगा लागतात, वर टाकी फुल करूनच निघा, आणि गाडी फोर बाय फोरच. ओढा भरलेला असेल तर ड्रायव्हर नाही म्हणाला की नाही. पायी उतरायचं तर अजिबात नाही, शिरेच्या आसपासच्या पाण्यात कातडीतून अंगात शिरणारे बिल्हार्झिया या आजाराचे जंतू असतात आणि नदीत मगरी.

स्वतःच्या मलेरियाचं गांभीर्याने घ्या. आपण भारतातले, आपल्याला काय होतंय, हा समज तिथे उपयोगाचा नाही. डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) असेल तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, लोक विमानतळावर उतरले की बंद करतात. मच्छरदाणी स्वतःची न्या. आणि परतल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर व्हायरल आहे म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि मलावीहून आलोय हे डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.