फायब्रोमायल्जिया आणि स्ट्रेंथ ट्रेनिंग: सुरुवात किती हलकी ठेवायची?

फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, असलेल्या बाईला ‘व्यायाम कर’ असं सगळेच सांगतात. किती करायचा आणि कुठे थांबायचं, हे क्वचितच कुणी सांगतं. मग पहिल्याच दिवशी प्रत्येक व्यायामाचे तीन-तीन सेट (फेऱ्या) होतात, तेव्हा फारसं दुखतही नाही, आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. ‘मला व्यायाम सोसतच नाही’ असं ठरवून सगळं बंद होतं. बहुतेक वेळा चुकलेलं असतं ते सुरुवातीचं माप.

नव्या व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत स्नायू कुणाचेही दुखतात. या आजारात मज्जासंस्था वेदनेचे संकेत वाढवून पोचवते, त्यामुळे तेच दुखणं कितीतरी जास्त जाणवतं. म्हणून व्यायाम करताना कसं वाटलं यावर जाऊ नका, दोन दिवसांनी कसं वाटतंय ते बघा आणि वहीत लिहून ठेवा.

स्वीडनमध्ये फायब्रोमायल्जिया असलेल्या १३० महिलांवर झालेला स्ट्रेंथ ट्रेनिंगचा (ताकद वाढवणाऱ्या व्यायामाचा) एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, असे १५ आठवडे. सुरुवात कमाल ताकदीच्या ४० टक्के वजनावर, मग हळूहळू ८० टक्क्यांपर्यंत. ताकद वाढली, दुखणंही कमी झालं. काही जणींनी मात्र दुखणं वाढल्यामुळे मध्येच सोडलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

घरी सुरुवात करायला चार प्रकार पुरतात: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीवर पुश-अप, रेझिस्टन्स बँड (व्यायामाचा रबरी पट्टा) पोटाकडे ओढणं आणि आधार धरून टाचा उचलणं. आधी दहा मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करा. प्रत्येकाचा एकच सेट, ५ ते ८ वेळा. शून्य ते दहाच्या मापावर श्रम तीन-चारच वाटायला हवेत. ‘एवढ्याने काय होणार?’ असं वाटलं, तर माप बरोबर आहे. सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस धरा. मधली विश्रांती मोडू नका.

उठ-बस नीट पाहू, कारण घोळ इथेच होतो. खुर्ची बुटकी असेल तर घट्ट उशी ठेवून उंच करा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या आणि श्वास सोडत उठा. खाली बसताना मांडीचा स्नायू भार पेलत लांबत जातो, आणि नंतरचं दुखणं मुख्यतः या टप्प्यातून येतं. जिममध्ये ‘चार आकडे मोजत हळू खाली या’ असं शिकवतात. सुरुवातीला ते टाळा. धपकन न बसता एक-दोन आकड्यांत बसा, पूर्ण टेका, तीन-चार सेकंद मांडी सैल सोडा, मगच पुन्हा उठा. प्लँक, भिंतीला टेकून बसून राहणं, लंजेस हे सगळं नंतर.

डंबेल घट्ट धरल्याने मनगट आणि कोपराखालचा हात भरून येत असेल, तर मनगटाला बांधायची वजनं वापरा. हात खांद्यांच्या वर नेणारे व्यायाम पहिले काही आठवडे नकोतच. मानेचे स्नायू लगेच आखडतात. सांधे गरजेपेक्षा जास्त वाकणाऱ्यांनी कोपर आणि गुडघे शेवटपर्यंत ताणू नयेत.

सलग दोन आठवडे दुखणं भडकलं नाही, तरच वाढवा. आधी १२ वेळांपर्यंत, मग दुसरा सेट, मग अर्धा किलो वजन. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशामुळे दुखलं हे कळणार नाही. दुखणं भडकलेल्या दिवशी संख्या निम्मी करा किंवा नुसतं सावकाश चाला. पुन्हा सुरू करताना दोन आठवड्यांपूर्वीच्या मापावर या. बऱ्या दिवशी राहिलेलं भरून काढायचा मोह सगळ्यात महागात पडतो.

या आजारात दिली जाणारी प्रीगॅबॅलिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही औषधं चालू असतील तर चक्कर येऊ शकते. आडवं होऊन केलेल्या व्यायामानंतर आधी बसा, मग उभ्या राहा. सांध्याला सूज, हातापायात नवा बधिरपणा किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर टाकू नका. व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल तर लगेच.