डोंगर मागणारा म्हातारा

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि बाकी सगळं बाजूला राहून नववीतला एक तास आठवला.

त्या फेब्रुवारीत आमच्या द्राक्षबागेवर गारपीट झाली. माल काढणीला आलेला. सकाळी मांडव जमिनीवर लोळत होता आणि फुटलेल्या मण्यांचा चिकट चिखल चपलांना लागत होता. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. वडील बांधावर बसले ते उठेनात.

तिसऱ्या दिवशी मी शाळेत आलो. नीतिशिक्षणाच्या तासाला बाईंनी फळ्यावर दोन माणसं काढली. त्यांच्या खांद्यावर दांडा, दांड्याला द्राक्षांचा एकच घड. मला ते चित्र बघवेना. आमच्या बागेचं बाईंना कळलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

गोष्ट बायबलमधल्या कालेबाची. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे. देवानं त्यांना द्यायचं कबूल केलेला कनान देश हेरायला त्यानं बारा जण पाठवले, त्यातला कालेब एक. ४० दिवस फिरून ते अष्कोलाच्या खोऱ्यातला तो घड घेऊन परतले. दहा जण म्हणाले, तिथली माणसं एवढी धिप्पाड, की त्यांच्यापुढे आम्ही टोळच. कालेब म्हणाला, चला, तो देश आपण घेऊ शकतो. बारांतला यहोशवा त्याच्या बाजूनं उभा राहिला. लोक दोघांना दगडमार करायला उठले.

"कालेबाला ती धिप्पाड माणसं दिसली नव्हती का रे?" बाईंनी विचारलं. वर्ग गप्प. "दिसली होती. तटबंदीही दिसली होती. पण देव शब्द पाळणार, हेही त्याला तितकंच खरं वाटत होतं." त्याची ही निराळी वृत्तीच देवाला आवडली, असं बाई म्हणाल्या.

मला मात्र पुढचं जास्त लागलं. भ्याले इतर, पण त्याची शिक्षा म्हणून रानात भटकण्याची ४० वर्षं कालेबालाही काढावी लागली. काही चूक नसताना! आणि ८५व्या वर्षी, वाटणीच्या वेळी, त्यानं सोपी सपाट जमीन मागितली नाही. हेब्रोनचा डोंगराळ मुलूख मागितला, जिथं तीच धिप्पाड माणसं अजून राहत होती.

संध्याकाळी हे सगळं मी वडिलांना सांगितलं. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस, बायबल कधी हातात धरलेलं नाही.

"मिळाला का मग म्हाताऱ्याला डोंगर?"

"मिळाला. आणि ते अष्कोलाचं खोरं हेब्रोनच्याच बाजूला आहे, असं बाई म्हणाल्या."

वडील बराच वेळ बोलले नाहीत.

"म्हणजे द्राक्षाचाच मुलूख," मग म्हणाले. "उद्या पक्कड शोधून ठेव. तारा ताणायला घेऊ. एप्रिलची छाटणी चुकवून चालायचं नाही."